सूनबाईंची गाठ

चव्वेचाळिसाव्या वर्षी अलकनंदाला दिवस गेले आणि तिच्या सासूबाईंनी, हेमलताबाईंनी, चेन्नईतल्या मैलापूरच्या सगळ्या मराठी बायकांना सांगून टाकलं, की सुनेच्या पोटात गाठ आहे.

गाठ. गाठ कुणालाही होते. तिची कसली लाज?

अण्णा नगरच्या डॉक्टरीणबाई दर खेपेला म्हणत, "साखर छान, रक्तदाब छान, बाळ छान. चालत राहा." अलकनंदा चालत राही. बँकेत जाई, नाचणी खाई, गोळ्या घेई. इतकी ठणठणीत ती पंचविशीतही नव्हती. नवरा, आशिष, पेपरामागून म्हणे, "आईचं मनावर घेऊ नकोस." पेपर मात्र खाली येत नसे.

सातवा लागला. घरचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. आपलं बाळ गाठ म्हणून जन्माला येणार नाही, हे तिनं ठरवूनच टाकलं.

पन्हं. पंखा. कीव.

"बस गं, बस. उभी राहू नकोस."

"आमच्या चुलतसासूबाईंची अशीच होती. नारळाएवढी."

"मग?"

"गेल्या."

या बायका! दुसऱ्याचं दुखणं यांना कैरीच्या डाळीसारखं लागतं, तोंडी लावायला.

"ऑपरेशन कधी?" डाळ वाढता वाढता शेजारच्या कौमुदीताईंनी आवाज मऊ केला.

"जूनअखेर. तीन किलोची निघेल म्हणतात."

"अगं बाई!"

"लाथाही मारते." अलकनंदानं त्यांचा हात धरून पोटावर दाबला. चटका बसावा तसा तो मागं आला.

समोर हेमलताबाई, ओल्या हरभऱ्यांची परात घेऊन.

अलकनंदानं पदर पसरला. "आई, सगळ्यांसमोर सांगा. ओटी कुणाची भरताय? गाठीची की बाळाची?"

मूठ वर गेली. थांबली. हरभरे घरंगळले.

"बाळाची."

"ऐकू नाही आलं."

"बाळाची गं, बाई!"

मूठ पदरात रिकामी झाली. आणि पदर सावरायच्या आतच हेमलताबाई बायकांकडे वळल्या, "मी तर पहिल्यापासून सांगतेय, गोड बातमी आहे म्हणून!"

"आम्हाला शंका होतीच," कौमुदीताई म्हणाल्या. "या वयात पपई अजिबात नको हं."

अलकनंदानं ओटीतले चार हरभरे तिथंच तोंडात टाकले आणि रिकामी वाटी कौमुदीताईंपुढं धरली.

"डाळ वाढा. दोघांची."