मिशीदादांच्या दुकानातला सीपॅप

होय, मीच तो जुना सीपॅप. नीट बघून घ्या मला. अंगाचा रंग पिवळट झाला आहे, एका बटणावरचं चित्र पुसून गेलं आहे आणि चालू झालो की पूर्वीपेक्षा जरा जास्तच घुमतो. मिशीदादांच्या दाढी-कटिंगच्या दुकानात, कंगव्यांची बरणी आणि पावडरचा डबा यांच्या मधे माझी जागा आहे. येणारे-जाणारे मला पाहून नाक मुरडतात. मुरडोत बापडे! ज्या नाकांसाठी मी राबतो, त्याच नाकांनी मला नावं ठेवावीत, याला काय म्हणावं? पण मित्रांनो, मुकाट्यानं ऐकून घेण्याचे माझे दिवस संपले. आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथे माझ्या पोटात छोटा पंखा बसवला, पाठीला हवा गाळणारी जाळी लावली, कुशीत पाण्याचं भांडं दिलं. एक लांब नळी, तिच्या टोकाला मास्क. एवढाच माझा संसार. कामही एकच. काही माणसांचा घसा झोपेत मिटतो. श्वास अडतो, माणूस गुदमरून अर्धवट जागा होतो, पुन्हा झोपतो, पुन्हा गुदमरतो. सकाळी उठून ऐटीत सांगतो, ‘मस्त झोपलो!’ आणि मग दिवसभर पेंगत बसतो. मी त्याच्या नाकातून हवेचा हलका दाब देत राहतो, म्हणजे घसा उघडा राहतो. मी शिक्षा नाही, आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्यांचं यंत्र तर मुळीच नाही. चष्मा नाकावर बसतो, मी नाकाशी बसतो. चष्म्याला कुणी हसत नाही, मग मलाच का हसता?

मिशीदादा म्हणजे आमच्या गल्लीतले दाढी-कटिंगचे जुने कारागीर. मिशा अशा, की दुकानाला पाटीची गरजच नाही. दोन्ही टोकांना पीळ, मधे तेलाची चमक. घोरणंही मिशांना शोभेल असंच. त्यांच्या बायकोनं ते वर्षानुवर्षं निमूटपणे ऐकलं. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, अशीच त्या बाईंची समजूत.

मग एका दुपारी घात झाला. मी तेव्हा अजून खोक्यात होतो, पण ही हकिगत या दुकानात इतक्यांदा ऐकली आहे की मला तोंडपाठ झाली आहे. दादांचा बालमित्र, कोपऱ्यावरचा कुलूपवाला, दाढीला बसला होता. गालावर फेस, मान मागे, डोळे मिटलेले. आणि मिशीदादा उभ्या उभ्या पेंगले! वस्तरा घसरला, हनुवटीखाली कापलं. जखम खोल नव्हती, पण जागा भलतीच वाईट होती. कुलूपवाला फेसासकट उठला आणि टॉवेल गळ्याशी धरून तरातरा निघून गेला.

दुकानातली दुसरी खुर्ची दादांच्या लेकीची. वस्तरा धरायला तिला बापानंच शिकवलेलं. तिनं बापाच्या हातातून तो काढून घेतला, पुसला आणि स्वतःच्या ॲप्रनच्या खिशात ठेवला.

“बाबा, आधी डॉक्टर. तोवर कात्री-कंगवा तुमचा, वस्तरा माझा.”

“अगं, डुलकी कुणाला लागत नाही?”

“लागते की. पण प्रत्येकाच्या हाताखाली कुणाचा गळा नसतो.”

“मग परत कधी देणार?”

“ज्यांना कापलंत, ते आपण होऊन तुमच्या खुर्चीत बसतील तेव्हा. त्याआधी नाही.”

कारागिराच्या हातातून त्याचं हत्यार गेलं म्हणजे काय होतं, ते मी पुढे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गिऱ्हाईक विचारायचं, “दादा, दाढी?” आणि दादा तोंड फिरवून म्हणायचे, “लेकीकडे बसा.” मिशीची टोकंसुद्धा खाली उतरली होती.

डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली आणि निदान सांगितलं: झोपेत श्वास थांबतोय, वारंवार थांबतोय. आणि मी या घरात आलो.

स्वागत कसं झालं म्हणता? दादा मला बघून म्हणाले, “ही सोंड लावून झोपू? मी काय हत्ती आहे?” यंत्रांच्या दुकानात मला विकणाऱ्या ताईनं सगळं शांतपणे समजावलं होतं. पट्टे आडवं झाल्यावर, हवा चालू करून जुळवा. भांड्यात उकळून गार केलेलं साधं पाणी घाला. सुरुवातीला दिवसा, जागेपणी थोडा वेळ लावून सवय करा. दादांनी मान डोलावली आणि यातलं काहीएक ऐकलं नाही. माझ्याबरोबर आलेला मास्क नाकावर बसणारा होता, म्हणजे थेट त्या मिशीवरच. केसांच्या फटीतून हवा निसटायची आणि मिशी नुसती फडफडायची. बायको तोंडाला पदर लावून हसली. “अहो, मिशी वाऱ्यावर सुटली तुमची!”

झालं! दादांना आला राग. त्यांनी पट्टे असे करकचून आवळले की सकाळी चेहऱ्यावर वळ उठले. हवा निसटायची ती निसटतच राहिली. वर बोलणी कुणाला? मला! नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय?

पुढची करामत ऐका. ही फक्त दाढी करणाऱ्या माणसालाच सुचू शकते. दादांना माझ्या हवेला रबराचा वास येतो असं वाटलं. त्यांनी दुकानातून दाढीनंतर लावायच्या लोशनची बाटली आणली आणि माझ्या पाण्याच्या भांड्यात चांगली ओतली. “बघ आता, कशी सुगंधी हवा येते!” मित्रांनो, जे लोशन गालावरही चुरचुरतं, ते मी कोमट करून त्यांच्या नाकात सोडलं. मला दुसरं येतं काय? जे भरलंत तेच मी देणार. दादा शिंकत, खोकत, डोळे चोळत उठून बसले. “हे यंत्र माझा जीव घेणार आहे!” असं ओरडून त्यांनी मला कपाटात कोंबलं, वर जुनी गोधडी टाकली आणि दार लावून घेतलं.

त्या अंधारात मी काय विचार केला असेल? रडलो? छट्! मी चिडलो. ज्यानं विष भरलं तो शहाणा आणि जो निमूट राबला तो खुनी, हा कुठला न्याय? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर मिशीचा पीळ होता!

मला बाहेर काढलं ते दादांच्या बायकोनं. नवऱ्याच्या हातातला कंगवा कटिंग करताना गळून पडतो, तो उचलायला वाकतात आणि तिथेच पेंगतात, असं लेकीनं तिला सांगितलं. तेव्हा ही गरीब स्वभावाची बाई एकदम पेटली. मला पिशवीत घातलं आणि नवऱ्यापुढे उभी राहिली.

“चला.”

“कुठं?”

“या यंत्राच्या ताईकडे. तुमची मिशी राहू दे नाहीतर जाऊ दे, मला माझा माणूस हवाय.”

दादा गुपचूप निघाले. लेकीनंही दुकानाला कुलूप लावलं आणि मागोमाग आली. ताईनं माझं भांडं उघडलं, वास घेतला आणि तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“काका, यात कुणाची दाढी केलीत का?”

लेक फिसकन हसली. दादांचे कान लाल झाले. ताईनं भांडं घासून धुतलं, तरी वास जाईना. शेवटी तिनं ते बदललंच. मग मास्क लावून बघायला सांगितला. दादांनी सवयीनं पट्टे ओढले, तशी लेक पुढे झाली.

“बाबा, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधताना तुम्ही मला काय शिकवलंत?”

“एक बोट मोकळं ठेवायचं.”

“का?”

“गुदमरतो माणूस,” दादा म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पट्टे सैल केले.

मिशीचा प्रश्न उरलाच होता. ताई म्हणाली, “काका, मिशी बारीक करा, नाहीतर नुसता नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क घ्या.”

“मिशीला हात लागणार नाही!”

“मग नका लावू की. मिशीशी भांडण कुणाचं आहे? श्वास चालू राहिला म्हणजे झालं.”

छोटा मास्क आला. आता सराव कुठे करायचा? घरी दिवसा दादा कधी नसतच. तेव्हा त्यांनी मला थेट दुकानात आणलं. जेवणानंतर गिऱ्हाईक नसायचं. दादा आपल्याच खुर्चीत रेलायचे, मास्क लावायचे आणि आधी नुसते जागेच बसायचे, माझ्या हवेशी जुळवून घेत. पहिल्या दिवशी डबा घेऊन आलेली बायको लगबगीनं काचेवरचा पडदा ओढायला गेली. रस्त्यावरून माणसं बघत होती, शाळेतून सुटलेली पोरं काचेला नाकं लावून खिदळत होती.

“पडदा कशाला?” दादा मास्कमधूनच गरजले. “मी काय चोरी करतोय? बघू दे. ज्याला हसायचंय त्यानं हसावं, माझा गळा माझ्या मालकीचा आहे!”

आहाहा! मित्रांनो, त्या दिवशी मला तो माणूस मनापासून आवडला. तोवर मी त्यांच्यासाठी काम करत होतो. तेव्हापासून आम्ही दोघं मिळून जगाशी भांडू लागलो. ते रोज मास्क साबणाच्या पाण्यानं धुवायचे. दुकानात केसांचा चुरा उडतो, म्हणून माझी जाळी झटकून बघायचे, मळली की बदलायचे. रात्री मी त्यांच्या उशाशी, दुपारी दुकानात. सगळ्या रात्री सोन्यासारख्या गेल्या असं मी म्हणणार नाही. कधी नाक कोरडं पडायचं, कधी झोपेत मास्क काढून फेकलेला असायचा. पण सकाळी ते पुन्हा भांड्यात पाणी भरायचे. हळूहळू दुपारची पेंग गेली. कंगवा हातातून पडेनासा झाला. मिशीची टोकं वर चढली.

वस्तरा मात्र लेकीच्याच खिशात होता. कारण कुलूपवाला काही फिरकत नव्हता. दादा दोनदा त्याच्या दुकानी जाऊन आले. त्याचं उत्तर एकच, “मिश्या, दुकान तुझं असलं तरी गळा माझा आहे!” पण गंमत बघा, तो दुसऱ्या कुणाकडेही दाढीला गेला नाही. दाढी वाढून नुसतं रान माजलं होतं. असा हट्टी माणूस!

आणि मग एके दुपारी तो स्वतःच दारात उभा राहिला.

“खाज सुटलीय,” तो फणकारून म्हणाला. “बसतो. पण डोळे मिटणार नाही. तू डुललास की मी ओरडणार.”

“ओरड.”

लेकीनं खिशातून वस्तरा काढला. क्षणभर हातातच ठेवला. मग दादांच्या तळहातावर ठेवला आणि आपल्या खुर्चीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. पण आरशातून तिची नजर हलत नव्हती. कुलूपवाला जीव मुठीत धरून बसला. डोळे टक्क उघडे, खुर्चीचे हात गच्च धरलेले. दादांनी आधी कात्रीनं रान साफ केलं, फेस चढवला आणि वस्तरा लावला. एक गाल झाला, दुसरा झाला. पंखा फिरत होता, फेस कोमट होता, हात सराईत होता.

आणि एकाएकी दुकानात घोरणं घुमलं!

लेकीच्या हातातली कात्री खाली पडली. ती किंचाळतच वळली, “बाबा!”

बाबा ताठ उभे होते. घोरत होता कुलूपवाला. मान मागे, तोंड उघडं, सगळी पहारेदारी विसरून ढाराढूर झोपला होता.

लेकीला हसू फुटणार, एवढ्यात घोरणं थांबलं. एकदम थांबलं. दादांनी वस्तरा झटकन गळ्यापासून दूर धरला. कुलूपवाल्याची छाती धडपडत होती, पण श्वास येत नव्हता. ओठ नुसते हलत होते. दादा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग एक मोठा आचका, हिसका बसावा तसा श्वास, आणि पुन्हा घोरणं.

दादांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

“माझं... असंच व्हायचं?”

“असंच,” लेक म्हणाली. “आई झोपायची, बाबा. मी पलीकडच्या खोलीत जागी असायची. पुढचा श्वास येईपर्यंत.”

दादांनी वस्तरा ठेवला, मित्राच्या खांद्याला धरून त्याला गदागदा हलवलं. कुलूपवाला दचकून जागा झाला आणि आधी गळा चाचपला.

“काय रे? डुललास?”

“मी नाही, तू. उद्या सकाळी माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं.”

“मी? मी कुठं झोपलो होतो? नुसते डोळे मिटले होते! आणि ती सोंड-बिंड मी लावणार नाही, सांगून ठेवतो!”

“हनुवटीखालची दाढी राहिलीय,” दादा म्हणाले आणि वस्तरा उचलून मिटला. “ती उद्या डॉक्टरकडून आल्यावर करीन. जा असाच, अर्धा.”

तो तसाच, हनुवटीखाली फेस घेऊन, बडबडत गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

आता घरी दादांच्या उशाशी नवं यंत्र आहे. मी दुपारच्या डुलकीपुरता दुकानात असतो. म्हातारा झालो, पण वाकलो नाही. मित्रांनो, मी तुमच्याकडे दया मागत नाही. मला साधं पाणी द्या, मळलेली जाळी बदला, पट्ट्यात एक बोट जागा ठेवा आणि जमेना तर कपाटात कोंबण्याआधी कुणाला तरी विचारा. माझ्यासाठी एवढं पुरे. आणि घरात कुणी घोरत असेल तर खुशाल हसा. पण घोरणं मधेच थांबलं, की हसू गिळा आणि कान द्या. पुढच्या श्वासाची वाट बघत रात्री कशा जातात, हे त्या लेकीला विचारा.