महापौरांचा भाऊ
पुरुषोत्तमरावांची बहीण जर्मनीतल्या एका शहराची महापौर आहे, हे अमेरिकेतल्या डब्लिन गावच्या ज्या मराठी माणसाला ठाऊक नसेल, तो कालच ओहायोत उतरला असं समजावं. सोळा वर्षं त्यांनी हे इतकं ऐकवलं, की त्यांचा मुलगा नकुल म्हणायचा, "बाबा, दे नो! माहितीये सगळ्यांना!"

अभिमान वाटावा अशीच होती ती. मृणालिनी नागपूरहून नगररचना शिकायला तिकडे गेली, तिथलीच झाली, सोशल डेमोक्रॅट पक्षात शिरली. वृद्धाश्रमासमोर बस थांबावी म्हणून भांडता भांडता नगरसेवक झाली, मग दोनदा महापौर. तिसऱ्यांदा मात्र आपटली. दोनशे बारा मतांनी.

हे पुरुषोत्तमरावांनी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. चार महिन्यांनी ती त्यांच्याकडे राहायला आली, तेव्हा तिथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी रुपालीने तिला गणपतीत प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण हा माणूस म्हणतो कसा, "परिचय मी लिहितो." आणि लिहिलं काय, तर 'विद्यमान महापौर'! साठी उलटली, पण बुद्धी काही आली नाही.

शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी छाती काढून तो वाचलाही. टाळ्या झाल्या, शाल झाली, श्रीफळ झालं. मृणालिनी माइकपाशी गेली.

"दादाचं माझ्यावर फार प्रेम, म्हणून त्याने मला अजून खुर्चीत बसवून ठेवलंय," ती म्हणाली. "मी मे महिन्यात हरले. स्टेशनाजवळचं पार्किंग काढून तिथे कमी भाड्याची घरं बांधली. नव्वद कुटुंबं राहायला आली. बाकीचे गाडी लावायला जागा शोधत फिरले, आणि फिरता फिरता त्यांनी मला पाडलं."

हॉल खळखळून हसला. पार्किंगचं दुःख या लोकांना वेगळं समजावून सांगायला नको होतं. नंतर तिच्याभोवती गर्दी जमली ती हटेना. पुरुषोत्तमराव बाजूला उभे होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "चारचौघांत तोंडघशी पाडलंस मला."

"आणि तू काय केलंस?"

"तुला लाज वाटत असेल, असं वाटलं मला. म्हणून झाकलं. म्हणून तर फोनही केला नाही."

"लाज तुला वाटली, दादा," मृणालिनी शांतपणे म्हणाली. "निकाल लागला तेव्हा मला हरवणाऱ्याचासुद्धा फोन आला. आठवडाभर फोन वाजला, की मला वाटायचं, तूच असशील."

पुरुषोत्तमरावांनी किल्ली फिरवली नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

"रडलीस?" त्यांनी विचारलं.

"रडले की. खूप."

"मग आता सांग," ते म्हणाले. "त्या दिवशी सकाळी उठलीस, तिथपासून सगळं सांग."