सामायिक कप्पा

चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ताई बजावायची, नवा चष्मा डोळ्यांना सरावेपर्यंत जुना टाकू नका. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! स्वतःवर वेळ आली तेव्हा बाईंनी जुनं एका झटक्यात उडवलं.

उडवलं ते पासवर्ड ठेवायचं ॲप. घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड त्यात असायचे आणि ते घेतलं होतं धाकट्या भावाने. म्हणून उघडलं की वर त्याचं नाव, पुढे 'कुटुंबप्रमुख'. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं हगणंमुतणं ताईने काढलं. हा पाहुण्यासारखा यायचा, दाराशी घुटमळायचा आणि जायचा. आणि म्हणे कुटुंबप्रमुख! आई गेल्यावर एक दिवस तो शब्द वाचून ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच्या कुलपात माझ्या किल्ल्या कशाला, म्हणून तिने दुसरं ॲप घेतलं, जुन्यातले पासवर्ड त्यात ओतले, बँकेचा तेवढा चालतोय का पाहिलं आणि जुन्यातलं आपलं खातं कायमचं पुसलं. ॲपने 'नक्की ना?' विचारलं, तर 'नक्की'वर बोट असं दाबलं की जणू भावाच्याच डोळ्यात घालतेय.

काही दिवसांनी फोन आला तो त्याचाच. आई गेल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"ताई, आईचं खातं उघडत नाहीये गं. पासवर्डच दिसत नाही."

आईला टाइप करायचा भारी कंटाळा. 'दूध आणा'पासून 'मेल्यांनो, जेवलात का'पर्यंत सगळं ती बोलून पाठवायची आणि ते तिच्या खात्यात साठलेलं होतं. त्याचा पासवर्ड ताईनेच सामायिक कप्प्यात ठेवला होता, दोघांना मिळावा म्हणून. तिने घाईघाईने नवं ॲप उघडलं. बाकी सगळं होतं, आईचं नव्हतं. सामायिक कप्पा ओतताना आलाच नव्हता, आणि ताईने स्वतःचं खातं पुसलं तेव्हा तिने ठेवलेलं भावाकडूनही गेलं होतं. नवा पासवर्ड मागावा, तर तो आईच्या नंबरवर येणार. तो नंबर ताईनेच बंद केलेला.

तुला काय करायचंय त्या खात्याचं, तिने विचारलं. तो म्हणाला, कामावरून आलो की रोज तिचं काहीतरी ऐकतो.

"तेव्हा तिच्याजवळ बसवलं नाही गं माझ्याच्याने. आता बसतो."

हे ऐकून तरी बाईने खरं सांगावं की नाही? ओठांपर्यंत आलंही होतं. पण आजवर ज्याच्या चुका मोजल्या, त्याच्यापुढे 'मी चुकले' म्हणायला तिची जीभ रेटेना.

"तूच काहीतरी दाबलं असशील," ती म्हणाली. "तुझा हात लागला की कुठली गोष्ट धड राहिलीये?"

"असेल. माझ्याच हातून गेलं असेल," तो म्हणाला. "तुझ्याकडे तरी आहे ना?"

"आहे."

त्याने सुटकेचा श्वास सोडला, तो ताईला ऐकू आला.

"मग येऊ का गं एकदा घरी? ऐकायला?"