डावी बाही आजारी आहे

एकोणीसशे एकाहत्तर साली, मित्रांनो, कोटांच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मी एक जुनी गोधडी आहे. कोट बेतून उरलेल्या राखी, निळ्या, तपकिरी चिंध्या जोडून तिथल्या शिवणाऱ्या बायकांनी मला जेवणाच्या सुट्टीत शिवलं.

कापड बेतायच्या लांबलचक टेबलाखाली माझी जागा होती. वरून कापड जमिनीपर्यंत लोंबे, त्यामुळे तिथला उजेड निळसर असे, पाण्याखाली असावा तसा. वर मास्तरांची कात्री चाले. कुणी दूर वल्ही मारतंय, असं मला वाटे.

आजारी बायका माझ्यावर येऊन निजत. घरी का नाही, असं तुम्ही विचाराल. कापणारे पुरुष आजारी पडले की त्यांना पगारी रजा मिळे. बाई घरी राहिली की पगार तर जाईच, वर तिच्या मशीनवर दुसरी बसे. "बायकांना काय, घरी कमावता नवरा असतो," मालक म्हणत. म्हणून बाई तापातही कामावर येई, टेबलाखाली शिरे, आणि तिचं काम इतरजणी वाटून घेत. संध्याकाळी मालक कोट बघत, माणसं बघत नसत.

त्या वर्षीच्या थंडीत बाहीवाली आली. ती फक्त डावी बाही जोडायची. नवरा वारलेला, पदरात लहान मुलगी. डॉक्टर म्हणाले होते, छातीत कफ भरलाय, अंथरुणातून उठायचं नाही. पण मशीन गेलं तर खायचं काय? तिच्या अंगाची धग माझ्या चिंध्यांत उतरे आणि तिची स्वप्नंही. रिकामे कोट अंगणात फिरताहेत, बर्फ पडतोय, आणि प्रत्येक कोट आपला हात शोधतोय. ती झोपेतच पुटपुटे, "थांबा रे, लावते."

एका दुपारी तिला खोकल्याची मोठी उबळ आली. वरची कात्री थांबली.

"खाली कोण आहे?" मास्तरांनी विचारलं.

"मांजर," कॉलर शिवणारी मावशी म्हणाली. ती सगळ्यांत वडीलधारी, आणि जिभेला हाड नसलेली.

"मांजरीला एवढा खोकला?"

"थंडी आहे, मास्तर. तिच्याकडे कोट नाही."

मास्तर वाकले. पांढराफटक चेहरा बघून चमकले. "अगं, घरी का नाही जात ही?"

"तुम्हाला कावीळ झाली, तेव्हा तुमची कात्री खुंटीवर तुमची वाट बघत होती," मावशी म्हणाली. "आमचं मशीन कुणाची वाट बघत नाही."

मावशीने बाहीवालीला उठवलं, स्वतःची शाल तिच्या खांद्यावर टाकली. "चल, घरी जा. आजपासून तुझ्या बाह्या कुणी जोडणार नाही."

"मावशी, मला घालवता का हो?" ती रडायलाच लागली.

"घालवत नाही, वेडे. तुझी जागा दिसू दे सगळ्यांना."

तिच्या स्टुलावर मला घडी करून ठेवलं. पहिल्यांदाच मी वरचा उजेड पाहिला. कोट तयार होत गेले, दांडीवर लटकत गेले, आणि एकाही कोटाला डावी बाही नव्हती. खिडकीतून वारा आला की सगळे हलत. तिच्या तापातलं स्वप्नच जणू दांडीवर येऊन टांगलं होतं.

मालक आले आणि जागीच थिजले. "हे काय?"

"डावी बाही आजारी आहे, मालक," मावशी म्हणाली.

"मग दुसरी बसवा तिथे!"

कुणी उठलं नाही. मावशीची मान ताठ होती. एवढ्याने सगळ्यांचीच मशीनं जाऊ शकत होती.

मालक मास्तरांकडे वळले. "मास्तर, सांगा यांना."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "काय सांगू? तुम्ही मला रजा दिलीत म्हणून मी आज उभा आहे."

दारात माल न्यायची गाडी भोंगा वाजवत होती. मालकांनी कोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरं. तिला पगारी रजा. मास्तरांना होती तशीच."

"तिला एकटीलाच?" मावशीने विचारलं.

"सगळ्यांना! आता मशीनं चालवा!"

त्यानंतर माझं काम संपलं. आजारी बायका घरी निजू लागल्या, आणि मी कपाटात गेले. मला कसर लागली, पण वाईट वाटलं नाही.

बाहीवाली बरी होऊन परतली आणि पुढे नव्या मुलींना शिकवू लागली. मावशीने मोतीबिंदूसाठी पगारी रजा घेतली, आणि पडून पडून कंटाळा आला, असा रोज निरोप पाठवला. मास्तरांच्या धाकट्या मुलीने वडिलांची कात्री हाती घेतली. त्या टेबलावर कापणारी ती पहिलीच बाई, पगार वडिलांइतकाच, आणि सगळे तिलाही मास्तरच म्हणत. मालक म्हातारपणी अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांना बघायला मावशी गेली होती. कारखाना विकला गेला. मला बाहीवालीच्या मुलीने घरी आणलं.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी अंगात ताप असताना कामावर निघालं, तर दारात अडवा, कपाळाला हात लावून बघा. आणि मोठेपणी तुमच्या हाताखाली माणसं आली, तर बाई असो वा बुवा, आजाऱ्याची जागा राखून ठेवा. स्टूल रिकामं दिसलं तरी दिसू द्या. त्यावर बसणारं माणूस घरी बरं होत असतं.