चालकाशेजारचे दार

फडके पांढरेच राहिले, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. शंका आली असे म्हणणे हीसुद्धा लबाडीच आहे; मला ठाऊक होते.

त्या दिवशी सकाळपासून मी आमच्या व्हॅनचा उतरलेला रंग परत आणत होतो. पंधरा वर्षे उघड्यावर उभी राहून ती लालची फिकट गुलाबी झाली होती, आणि तिच्या अंगावरून बोट फिरवले तर खडूसारखी पूड हाताला लागे. आधी स्वच्छ धुवायचे, मग ओल्या फडक्यावर रबिंग पेस्ट घेऊन वितीएवढ्या जागेत गोल गोल घासायचे, पुसायचे, आणि शेवटी मेण चढवायचे. जुन्या रंगावर लॅकरचा पारदर्शक लेप नसल्यामुळे त्याचा मेलेला थर सुटू लागला की फडके लाल होत जाते. टप झाला, मागची दारे झाली, दोन्ही बाजू झाल्या, चालकाचे दार झाले. दुपारी बारापर्यंत अकरा फडकी लाल झाली, आणि गाडीचा रंग असा गडद उघडला की तो तसा होता हे मीही विसरलो होतो. मग वळसा घालून मी चालकाशेजारच्या दाराशी आलो, दोन विती जागा घासली, आणि फडके पांढरेच राहिले.

माझा थोरला भाऊ आणि मी वजनकाटे दुरुस्त करतो. वाण्याचा तराजू, सोनाराचा काटा, गोदामातला पोती तोलणारा अजस्र काटा, सगळे. दादाचा एक नियम आहे आणि तो कुणालाही मोडू देत नाही: काटा एकदा तपासून सोडायचा नाही. वजन ठेवायचे, आकडा पाहायचा, वजन उतरवायचे, पुन्हा ठेवायचे. दुसऱ्यांदा काटा त्याच जागी आला तरच तो खरा. असल्या माणसापासून मी नऊ वर्षे एक दार लपवले होते.

नऊ वर्षांपूर्वी दादाच्या डोळ्याची शीर सुजली आणि तो बारा दिवस दवाखान्यात होता. जाताना त्याने मला बजावले होते, "गाडीला हात लावायचा नाही. तू रस्त्याशीसुद्धा वाद घालत गाडी चालवतोस." पाचव्या दिवशी पिठाच्या गिरणीचा काटा पोहोचवायचा होता. तो मी हातगाडीने नेऊ शकलो असतो. नेला नाही, गाडी काढली, आणि गिरणीच्या फाटकाच्या लोखंडी खांबावर हे दार आपटले. ते इतके आत गेले की काच खाली जाईना.

रंगाऱ्याने पत्रा ठोकून सरळ केला. रंग मात्र मी त्याच्या उरावर बसून चार वेळा पुन्हा कालवायला लावला. तो वैतागून म्हणाला, "साहेब, तुम्ही गाडी रंगवून घेताय की परीक्षा?" मी बधलो नाही. शेवटी दार आणि शेजारचा पत्रा यांत तसूभर फरक उरला नाही. वरून त्याने लॅकर मारला आणि मी विजयी मुद्रेने घरी आलो. त्या वेळी गाडी सहा वर्षांची होती, तिचा लाल तेव्हाच बराच विटलेला होता, आणि मी इतक्या काटेकोरपणे जुळवून घेतला तो त्या विटलेल्या रंगाशी, ही गोष्ट माझ्या ध्यानातही आली नाही. आता बाकीची गाडी आपल्या मूळ रंगाला परत गेली होती. दाराला परत जायला मूळ असे काही नव्हतेच.

दादा घरी आला तेव्हा डॉक्टरांनी त्याचे गाडी चालवणे कायमचे बंद केले होते. त्याने बॉनेटवरून तळवा फिरवला आणि चावी माझ्या हातात ठेवली. "बारा दिवस नीट सांभाळलीस. आता तूच सांभाळ." तेव्हापासून ती चावी माझ्या कमरेला आहे.

मी ते दार घासतच राहिलो. लॅकरचा धुरकटपणा निघाला आणि खालचा लाल आणखीच नारिंगी दिसू लागला. आणखी घासले तर गडद होईल, असे मी स्वतःला पटवत होतो. त्याला आधार काही नव्हता. दाराच्या कडेला, जिथे रंग नेहमीच पातळ असतो, तिथे माझे फडके आरपार गेले आणि रंगाखालचे पांढरे अस्तर नखाएवढे उघडे पडले. मी खाली पायरीवर बसलो.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि दोन पावले अलीकडेच थांबल्या.

"भाऊजी, हे दार दुसऱ्या गाडीचं बसवलंत की काय?"

"हळू बोला, वहिनी."

"का? ते काय झोपलंय?" मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि कप बॉनेटवर ठेवला. "काय केलंत?"

मी सांगितले. सांगताना रंगाऱ्याची चूक, फाटकाची अरुंद जागा, सगळे मुद्दे मांडले. त्यांनी एकही ऐकून घेतला नाही.

"चार वाजता ते छापखानेवाले येणार आहेत. ह्यांनी त्यांना फोनवर काय सांगितलंय ठाऊक आहे ना? पंधरा वर्षांत साधा ओरखडा नाही."

ठाऊक होते. आम्हाला आता एवढी मोठी गाडी लागत नव्हती, आणि कागद वाहायला दादाच्या शाळेपासूनच्या मित्राला ती हवी होती. तो मित्र छापखान्याचा मालक. चाळीस वर्षे शाईचा लाल कागदावरच्या लालाशी ताडून पाहणे हाच त्याचा धंदा.

"तुम्ही सांगता की मी सांगू?" वहिनींनी विचारले.

"मीच सांगतो. योग्य वेळी."

"नऊ वर्षांत नाही आली ती?" असे म्हणून त्या आत गेल्या.

तीन वाजून गेल्यावर दादा बाहेर आला. तो गाडीभोवती सावकाश फिरला, बॉनेटवर, कडांवर तळवा फिरवत. त्या दारापाशी आला. त्याचा तळवा पांढऱ्या डागापासून चार बोटे दूर थांबला.

"वा!" तो म्हणाला. "सगळीकडे सारखी केलीस. आरसा झालाय नुसता."

तेव्हा माझ्या लक्षात आले. त्या दुखण्यापासून दादाला लाल रंगाच्या छटा वेगळ्या दिसत नाहीत. सगळे लाल त्याला तपकिरी दिसतात, हे तोच कितीदा सांगतो. ज्या एका माणसाला मी नऊ वर्षे भ्यालो, त्याला हे दार कधीच दिसणार नव्हते.

मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. वाटलेही, क्षणभर. पण दादाला न दिसणारे दार त्याच्या मित्राला फाटकातूनच दिसणार होते. मित्राने विचारले तर एक वेळ ठीक. पण तो भिडस्त आहे. तो विचारणारच नाही. मुकाट्याने गाडी घेऊन जाईल आणि जन्मभर मनात ठेवील की दादा खोटे बोलला. दादाला ते कळणारही नाही. आजवर माझी लबाडी माझ्या एकट्याची होती. चार वाजता ती त्याच्या नावावर चढणार होती.

"दादा, हे दार आपटलं होतं."

"कुठलं?"

"तुझ्या हाताखालचं."

त्याने हात काढला नाही. "कधी?"

"तू दवाखान्यात होतास तेव्हा. पिठाच्या गिरणीच्या फाटकाला. रंगवून घेतलं. आता घासल्यावर रंग वेगळा दिसतोय. तुला नाही, पण बाकी सगळ्यांना दिसेल."

"गिरणीवाल्याकडे नऊ वर्षं जातोय मी. कधी बोलला नाही तो."

"मी त्याला बोलू नको म्हटलं होतं."

"म्हणजे साऱ्या जगाला माहीत. मी सोडून."

"साऱ्या नाही. तो, रंगारी, आणि आज वहिनी—"

"वाद घालू नकोस." त्याने दुसरा हात पुढे केला. "चावी."

कमरेची कडी उघडायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला. त्याने चावी मुठीत घेतली आणि तो फाटकाकडे वळला. शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तरे सुचली असती.

छापखानेवाले फाटकातून आत आले. दारावर त्यांची नजर गेली आणि तितक्याच चटकन बाजूला वळली. "छान चमकवलीय हो," ते आकाशाकडे पाहत म्हणाले.

"ते दार बघ आधी," दादा म्हणाला. "आपटलेलं आहे. मी तुला फोनवर खोटं सांगितलं. मला आत्ताच कळलं."

"अरे, एवढं काय त्यात? मी म्हटलं, तुझी आवड असेल."

"माझी आवड असती तर दोन्ही दारं तशी केली असती." दादाने दारावर थाप मारली. "चालवून बघितल्याशिवाय घ्यायची नाही तू. पत्रा सरळ केलाय, पण आतलं काय झालंय ते मला माहीत नाही."

"मला कुठं येतं चालवायला? माझा ड्रायव्हर उद्यापासून येणार आहे."

दादाला चालवायची मनाई होती. उरलो मी. दादाने मूठ उघडून चावीकडे पाहिले. ती माझ्याकडे टाकली नाही, माझ्या तळव्यावर ठेवली.

"तू मागे बस," तो मित्राला म्हणाला. "मी पुढे बसतो."

मी चालकाच्या जागी बसलो. दादाने ते नारिंगी दार उघडले, आत बसला, दार लावून घेतले आणि खटका बसल्याचा आवाज ऐकला. मग त्याने ते पुन्हा उघडले आणि पुन्हा लावले. मान वाकवून ऐकले.

"चल," तो म्हणाला. "गिरणीवरून घे."