तिसऱ्या गाण्याचा अर्थ

त्या रविवारी आप्पांनी माझ्या सगळ्यात आवडत्या अल्बमला चौथ्या नंबरावर ढकललं.

"चौथा? मागच्या महिन्यात दुसरा होता की," मी म्हटलं.

"हुता. ऐकून ऐकून त्याचे जोड दिसायला लागले." पैंजणाची कडी चिमट्यात धरून त्यांनी डोळ्यांजवळ नेली. "बाई बोलती चांगली. पर लई पालिश केलंय. खाली चांदी किती, कळंना."

आमचं मूळ हुपरीचं. उचगावला बाहेरच्या खोलीत माझ्या वडिलांचं, आप्पांचं, चांदीचं काम चालायचं. टेपरेकॉर्डर लोखंडी कपाटावर असे. अठ्ठ्याण्णव साली पुण्याच्या हॉस्टेलवरून मी पहिल्यांदा हिपहॉपच्या कॅसेटी आणल्या, तेव्हा वाटलं होतं, एका मिनिटात बंद करायला लावतील. त्यांनी हातोडी थांबवली, थोडं ऐकलं आणि पुन्हा ठोकायला लागले, त्या ठेक्यावर. ही माणसं जुन्या गाण्यांचे तुकडे घेऊन नवं गाणं करतात, हे मी सांगितलं तेव्हा तर ते खूश झाले. "म्हंजे मोड! जुनं गाळायचं, नवं करायचं. मग त्यात चोरी कसली?" तेव्हापासून प्रत्येक अल्बमचं मोल ते याच हिशेबानं करत: मोड कुठली, गाळली नीट का, जोड दिसतोय का.

गुन्हेगारीच्या सिनेमांचंही तसंच. शेजारी बसून काम करणारे बाळासोकाका आणि ते कोल्हापुरात मॅटिनीला जात आणि परत येताना स्कूटरवर भांडत. दोन्ही हातांत सोन्याच्या विटा घेऊन पळणारा हिरो पाहिला की आप्पा थेटरातच ओरडत, "आरं, कंबर मोडंल तुझी!" माल कुठं गाळायचा हे ज्याला माहीत नाही, तो दरोडेखोर त्यांच्या लेखी नटच. त्यांचा पहिला नंबर एका जुन्या इंग्रजी चित्रपटाला होता. त्यातला तिजोरी फोडणारा माणूस कामाआधी हत्यारं पुसून ओळीनं मांडतो. पुढची गोष्ट त्यांना कधी आठवायची नाही.

अल्बममध्ये पहिला नंबर कायम निळ्या कव्हरच्या कॅसेटचा. त्याला कारण मी होते.

त्यातलं तिसरं गाणं एका मुलानं बापाला दिलेली शिवी आहे. बाप घर सोडून गेलेला. तू मेलास तरी मातीला येणार नाही, असं तो मुलगा म्हणतो. आप्पांनी पहिल्यांदा अर्थ विचारला तेव्हा बाळासोकाका समोर होते, आणि आप्पा माझ्याकडे इतक्या विश्वासानं बघत होते, की माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"तो म्हणतो, माझ्या बापाची बोटं तेजाबानं खाल्ली. त्या बोटांनी त्यानं मला पुस्तकं आणून दिली. तो स्वतः वाचत नव्हता, पण मी वाचत असले की हातोडी हळू मारायचा."

"अमेरिकेतबी तेजाब असतंय व्हय?"

"असतंय की. त्याचा बापही चांदीचंच काम करायचा."

"बघ बाळासो!" आप्पा म्हणाले. "कुठंबी जा, कारागीर त्यो कारागीर."

सहा वर्षं मी हेच सांगत आले. कधी एखादी ओळ वाढवली. सगळ्या माझ्याच होत्या. आमच्या घरात असं कुणी कुणाला तोंडावर म्हणत नाही. त्या गाणाऱ्याच्या आडून म्हणता येत होतं, आणि मला तेवढं पुरत होतं.

त्या रविवारीही त्यांनी ते गाणं लावलं. "सांग की गं परत."

मी पेपर तपासत होते. "किती वेळा आप्पा? पाठ झालंय तुम्हाला."

"तुझ्या तोंडनं ऐकायचं असतंय."

"उद्या सांगते," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी नऊला ते कामाच्या चौरंगापुढे बसल्या बसल्या कलंडले. शेजाऱ्यांची रिक्षा हायवेला लागायच्या आत संपलं होतं.

आम्हा लिंगायतांत मृताला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात. तळहातावर इष्टलिंग देतात आणि तसंच बसलेलं जमिनीत ठेवतात. आप्पांना बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून बसवलं, रोज बसत त्याच भिंतीला. चार वाजता उचलायचं होतं. मी समोर बसले. आमचे चेहरे एका उंचीवर होते. मी इतकं वाचलंय, पण त्या चेहऱ्याकडे बघून एक शब्द आठवेना. फक्त घड्याळ दिसत होतं. दोन. अडीच. उद्या सांगते म्हटलं होतं. हा तोच उद्या होता आणि त्यातला दीड तास उरला होता. खोली भरलेली. भजनाच्या बायका दाराशी. जवळ जाऊन कानात सांगावं म्हणून दोनदा उठले. दोन्ही वेळा कुणीतरी हार घेऊन मध्ये आलं आणि मी परत बसले.

त्यांना खरं कळलं होतं का? सहा वर्षांत गावात इंग्रजी येणारं दुसरं कुणी भेटलं नसेल? हे आता कुणाला विचारायचं?

तीनच्या सुमाराला भजन थांबलं आणि बाळासोकाका उठले. डोळे सुजलेले. त्यांनी कपाटावरची निळी कॅसेट टेपमध्ये घातली, पुढं पळवली आणि बटण दाबलं.

"हे काय रं बाळासो?" आक्का, म्हणजे आप्पांची थोरली बहीण, कडाडली. "मयताच्या घरात कसली बडबड ही? बंद कर!"

"आक्का, दम काढा. बापाचं कौतुक हाय ह्यात. रोज ऐकायचे ते."

"ह्यात? हा तर भांडतोय कुणाशी तरी!"

"तसंच म्हनत्यात ते. अर्थ लई मोठा हाय. शांभवी, सांग की सगळ्यास्नी."

जंगम स्वामींनीही वळून बघितलं. अव्वा, माझी आई, रडायची थांबली. टेपमधला मुलगा मोठ्यानं बापाला सांगत होता की तो मातीला येणार नाही. खोलीतल्या कुणालाच ते कळत नव्हतं. मला नेहमीचं सांगता आलं असतं. सगळ्यांना बरं वाटलं असतं, बाळासोकाकांना सगळ्यात जास्त. आणि आप्पा ते शेवटचंही दुसऱ्या कुणाच्या बापाचं म्हणून घेऊन गेले असते.

मी आप्पांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी पुढे सरकले. हार बाजूला केला.

"आप्पा, मी खोटं सांगितलं. तो शिव्या देतोय."

"काय म्हनाली?" मागून आक्का.

"बापाला शिव्या देतोय तो. पहिल्यापासून. त्याचा बाप चांदीचं काम करत नव्हता. तो पोराला टाकून गेला होता." माझा आवाज फाटला, तरी मी तो खाली आणला नाही. "तेजाबानं खाल्लेली बोटं तुमची. पुस्तकं तुम्ही आणलीत. मी वाचताना हातोडी तुम्ही हळू मारत होता, मला आतल्या खोलीत कळायचं ते. त्यातलं एक अक्षर त्याचं नव्हतं, आप्पा. सगळं मी म्हणत होते, तुम्हाला."