शिकारीपायी पाण्यात राहिलेला जिना

मित्रांनो, मी एक जुना जिना आहे. घरातला नव्हे, दूरच्या थंड मुलखात सागने नावाच्या नदीजवळच्या एका घराच्या परसात पोहण्याचा हौद आहे, त्यातला. प्लास्टिकच्या चार रुंद पोकळ पायऱ्या, दोन बाजूंना कठडे आणि मी तरंगू नये म्हणून तळाशी वाळूच्या चार पिशव्या. ज्या कारखान्यात मी साच्यातून निघालो, तिथे माझ्यासारखे जिने आता बनत नाहीत. ही बढाई नाही. माझी सगळी भीती त्यातच आहे: मी फुटलो, तर माझ्या जागी दुसरा मिळायचा नाही.

या घरातल्या रोलांद आजींच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून त्यांना हौदाची उभी शिडी चढता येत नाही. जमिनीवर त्या काठी घेऊन चालतात. पण माझा कठडा धरून पाण्यात उतरल्या, की काठीची गरज उरत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा त्यांचा रोजचा नेम. त्या पाहुण्यांपुढे माझं कौतुक करायच्या आणि मला अगदी भरून यायचं.

हिवाळ्यात मात्र मी पाण्यात राहिलो तर संपलो. माझ्या पोटात शिरलेलं पाणी गोठून फुगतं आणि पायऱ्या फोडतं. म्हणून ऑक्टोबरात मला बाहेर काढतात, बुचं उघडतात आणि पालथं घालतात. हे काम आजींच्या मुलाचं, रेजांचं. पण त्याच सुमारास मूस हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो आणि आमच्या आळीतला एकूण एक पुरुष जंगलात जातो. "आल्यावर काढतो. जिना काय पळून चाललाय?" असं म्हणून यंदा रेजां गेला. मला त्याचा फार राग आला, पण जिन्याचं ऐकतो कोण?

चौथ्या दिवशी सकाळी पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला. दुपारी रेडिओनं सांगितलं, आज रात्री उणे नऊ. रेजांची बायको मार्जोलेन धावत आली. तिनं मला जीव खाऊन ओढलं. मी हललो नाही. आळीत हाक मारायला कुणी नव्हतं.

"पिशव्या काढल्याशिवाय हा निघायचा नाही," ती म्हणाली. "उतरावंच लागेल."

"काही नको," काठी टेकत मागून आलेल्या आजी म्हणाल्या. "माझ्या पायापायी तू न्यूमोनिया ओढवून घेणार?"

"आई, नाही काढला तर पुढचा उन्हाळाभर तुम्ही घरात बसून माझं डोकं खाल. त्यापेक्षा न्यूमोनिया परवडला."

आजी हसल्या नाहीत. त्यांनी आजोबांचा मासेमारीचा छातीपर्यंतचा रबरी पोशाख आणून दिला. मार्जोलेन बर्फ फोडत माझ्यावरून खाली उतरली. पहिली पिशवी निघाली, दुसरी निघाली. तिसरीच्या वेळी पोशाखाचं जुनं ठिगळ सुटलं आणि आत पाणी भरू लागलं. तिचे दात वाजत होते. चौथी पिशवी अडकली होती. तेवढ्यात माझी वरची पायरी कडकन वाजली. दोघींनी ऐकलं.

"बाहेर ये, पोरी. मरू दे तो जिना," आजी ओरडल्या.

"एकच राहिलीय." मार्जोलेननं श्वास धरला, पाण्यात तोंड घातलं आणि पिशवी फाडली. वाळू सांडली तशी दोघींनी मिळून मला ओढून काढलं. बुचं गच्च बसली होती. आजींनी त्यांवर किटलीतलं कोमट पाणी धरलं. उकळतं ओतून मला तडकवतील की काय, या भीतीनं माझा जीव अर्धा झाला होता. मग माझं पोट भळाभळा रिकामं झालं.

आठवड्यानं रेजां शिंगं मिरवत परतला, तेव्हा मी बैठकीत शेगडीपाशी उभा होतो.

"हा घरात कशाला?"

"बघ आता," आजी म्हणाल्या. कठडे धरून त्या माझ्या तीन पायऱ्या चढल्या. चौथीवर, त्या दिवशी कडकन वाजलेल्या वरच्या पायरीवर, पाय ठेवताच ती दबली आणि त्या थिजल्या. रेजांनं त्यांना धरून खाली उतरवलं. चिरेवरून बोट फिरवताना त्याची मान वर झाली नाही.

मित्रांनो, ज्याच्या आधारावर घरातलं कुणी उभं राहतं, त्याची काळजी "आल्यावर" घेऊ नका. रेजांनं चिरेला आतून पट्टी लावली आहे. ती आजींना पेलेल की नाही, हे जून महिन्यात त्यांनी पाय ठेवल्यावरच कळेल.